अंगठा दाखवण्याची कला

व्यावसायिकांच्या एखाद्या गटाचे आपण नवे सदस्य असाल आणि गटाच्या सहलीचे निमंत्रण व्हॉट्सॲपवर येऊन पडले असेल, तर गोंधळून जाऊ नये. आपण येणार की नाही याचा संयोजकाला शेवटपर्यंत थांग लागू न देता गटात मानाने कसे वावरावे, याचे काही नियम मी ज्येष्ठ सदस्यांकडून गेल्या रविवारीच शिकलो आहे.

निमंत्रण दिसताच प्रथम अंगठा उमटवावा; तारीख मागाहून वाचावी. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही आणि जो त्याला होकार समजतो, त्याने संयोजक होऊच नये.

मतचाचणीत ‘बहुतेक’ हा पर्याय असेल तर तोच निवडावा, म्हणजे आचारीही आपल्यासाठी बहुतेक भाकरी थापेल.

‘सहकुटुंब येतो’ असे लिहावे, कुटुंबात माणसे किती ते लिहू नये.

पैसे आगाऊ मागितल्यास ‘तिथेच देतो की, पळून चाललोय का?’ असे हसून म्हणावे.

नकार कळवायचाच असेल, तर त्यासाठी रविवारची सकाळ राखून ठेवावी. आमची हुरडा पार्टी होती, सोलापूर रस्त्याला यवतच्या पुढे एका शेतावर. अंगठे चौसष्ट आले होते. मी प्रत्येकाला फोन करून, पुन्हा विचारून, अठ्ठावन्न हा आकडा पक्का केला आणि माणशी ७५० रुपयांप्रमाणे शेतकऱ्याला शब्द दिला. सकाळी सात वाजता पहिला निरोप आला, ‘अचानक पाहुणे आले.’ साडेसातपर्यंत इतक्या घरी पाहुणे आले की सगळे पुणे एकमेकांकडेच गेले असावे. उरलेल्यांनी निरोपही पाठवला नाही. शेतावर पोहोचलो तेव्हा आगटी पेटलेली होती, गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जात होता, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही मांडून ठेवले होते, आणि अठ्ठावन्न माणसांच्या हिशेबाने पहाटे तोडलेल्या कणसांचा ढीग शेजारी पडला होता. आम्ही होतो एकतीस. हुरडा भाजून हातावर चोळला की गरम असतानाच खावा लागतो, निवाला की तो चिवट होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ते कणीस कोवळे तोडले की त्याची पुढे ज्वारी होत नाही, हे मात्र सांगायला हवे, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणांना ते माहीत नसावे. शेतकरी दादांनी ढिगाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि एवढेच विचारले, ‘साहेब, बाकीची गाडी मागून येतीय ना?’ मी रस्त्याकडे पाहत ‘हो’ म्हणालो. एका दिवसात मीही तुमच्यासारखाच झालो.

आता उपरोध पुरे. याच गटाच्या दर बुधवारच्या सकाळच्या बैठकीला तुम्ही सातला पाच कमी असताना इस्त्रीच्या शर्टात हजर असता, कारण तिथे गिऱ्हाईक मिळते आणि उशिरा येणाऱ्याला दंड बसतो. त्या दिवशी कधी कोणाकडे पाहुणे येत नाहीत. म्हणजे वेळ पाळता येत नाही असे नाही. ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याच्यासाठी पाळायची नाही, एवढेच. ‘नाही’ हा दोन अक्षरी शब्द आठवडाभर आधी लिहिला असता, तर मला राग आला नसता आणि दादांची कणसे शेतात ताटावरच राहिली असती.

दादांनी पैसे कमी करू का म्हणून विचारले होते. मी अठ्ठावन्न जणांचे पूर्ण दिले आहेत. न आलेल्या सत्तावीस जणांचे २०,२५० रुपये माझ्या खिशातून गेले आहेत आणि नावांची यादी माझ्याजवळ आहे. बुधवारच्या बैठकीत स्वतःची ओळख करून देण्यासाठी प्रत्येकाला एक मिनिट मिळते. या वेळी माझ्या मिनिटात मी ती यादी वाचणार आहे. त्याआधी पैसे पाठवा, आणि खाली अंगठा देऊ नका.