नंबर बनावट, इंजिन अस्सल: भुसावळच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वही काढून बसलो, कारण एका मुद्द्यावर तुम्ही मला रंगेहाथ पकडलंय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवर दुसऱ्या महायुद्धातलं एक ब्रिटिश लष्करी वाफेचं इंजिन आहे. त्याचा माग काढणारा लेख मी गेल्या महिन्यात टाकला. त्यावर भुसावळच्या लोकोशेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी लिहिलं: "फोटोखाली तुम्ही '९०७३३, ब्रिटिश रेल्वेने दिलेला नंबर' असं छापलंय. असा नंबर त्यांनी कधी दिलाच नाही. कॅब नवी, टेंडर नवं, नंबर बनावट. मग उरलं काय? रंग फासलेलं भंगार! आणि लष्करी म्हणता, तर त्याने लढाई कुठे पाहिली? त्यापेक्षा आपल्याकडची इंजिनं सडतायत त्यांच्यावर लिहा."

(कॅब म्हणजे ड्रायव्हरची खोली, टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा.) आधी नंबराचं बघू. चूक माझी, शंभर टक्के. या जातीच्या (डब्ल्यूडी, म्हणजे 'वॉर डिपार्टमेंट') ९३५ इंजिनांपैकी ७३३ ब्रिटिश रेल्वेकडे आली आणि त्यांना ९०००० ते ९०७३२ असे नंबर पडले. शेवटच्या ९०७३२ला 'व्हल्कन' असं नावही होतं. म्हणजे ९०७३३ हा यादी संपल्यानंतरचा नंबर. २००७ साली इंजिन पुन्हा वाफेवर आलं तेव्हा या रेल्वेच्या लोकांनी तो जाणूनबुजून लावला. हे मला ठाऊक होतं, तरीही फोटोखालची ओळ घाईत लिहिली गेली. तुमच्या नजरेतून ती सुटली नाही, याचं मला खरंतर बरंच वाटलं.

पण 'बनावट' या शब्दावर मात्र मी अडून बसणार आहे.

समजा, त्यांनी ९०४०० किंवा ९०६५० असा एखादा खरा नंबर लावला असता. दिसायला शोभला असता आणि कोणी हरकतही घेतली नसती. पण त्या नंबराचं इंजिन खरोखर होतं, कुठल्यातरी शेडला होतं, कोळशाच्या गाड्या ओढून भंगारात गेलं. ब्रिटिश रेल्वेच्या ७३३पैकी एकही जपून ठेवलं गेलं नाही. शेवटची १९६७मध्ये सेवेतून गेली. त्यातलाच एखादा नंबर लावला असता, तर मेलेल्या माणसाच्या रेशनकार्डावर धान्य उचलण्यासारखंच झालं असतं. आणखी वीस वर्षांनी कोणी माग काढायला बसला असता तर दोन इंजिनांचं चरित्र एकात कालवलं गेलं असतं. ९०७३३मुळे तसं होत नाही. यादी उघडली की हा नंबर तिच्यात नाही हे कळतं आणि माणूस विचारतो, मग हे आलं कुठून? तुम्हीही तेच विचारलंत ना!

तर ते आलं कुठून? लेखात हे मी तीन भागांत पसरून लिहिलं होतं, इथे सलग सांगतो. कारखान्याचा अनुक्रमांक ५२००, व्हल्कन फाउंड्री, न्यूटन-ल-विलोज, साल १९४५. (तुम्हाला हे नाव नवं नसणार. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी ज्या इंजिनांनी ओढली, ती याच कारखान्यातली.) लष्कराचा नंबर ७९२५७. युद्धानंतर डच रेल्वेने या जातीची १८४ इंजिनं घेतली, त्यात हे ४४६४ झालं. तिकडे विद्युतीकरण झपाट्याने होत होतं, म्हणून १९५३मध्ये दोन इंजिनं स्वीडनला विकली गेली. हे तिथे १९३१ झालं. लक्षात घ्या, १९३१ हा नंबर आहे, साल नव्हे. या एका गोष्टीने मला सुरुवातीला तासभर फिरवलं.

माझ्या मते स्वीडनचा भाग सगळ्यात मजेदार आहे. स्वीडनने आपली रेल्वे विजेवर नेली होती, पण युद्ध झालं तर वीजकेंद्रं आणि तारा बॉम्बने तुटतील या भीतीने वाफेची इंजिनं राखीव ठेवली होती. हे त्यातलंच एक. थंडीसाठी त्याची कॅब चारी बाजूंनी बंद केली आणि टेंडर कापून चाराऐवजी तीन अ‍ॅक्सलचं केलं. १९७३मध्ये ते इंग्लंडला परतलं तेव्हा त्याच स्वीडिश अंगरख्यात होतं आणि १९३१ या नंबरानेच काही वर्षं वर्थ व्हॅलीवर धावलं. पुढे त्यांनी ठरवलं की त्याला मूळ रूपात न्यायचं. त्यासाठी उघडी कॅब नव्याने बांधली आणि टेंडर पुन्हा लांब केलं. तुम्ही ज्याला 'नवं' म्हणता ते हे.

आता 'उरलं काय' याचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्हीच नीट द्याल. परळ वर्कशॉपमधून पीओएच (ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती) होऊन परतलेल्या इंजिनावर बॉयलर तोच असायचा का? एकाचा बॉयलर दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असं चालायचंच. तरी शेडला ते इंजिन त्याच नंबराने हजर व्हायचं, कारण ओळख फ्रेमला चिकटलेली असते. दापोडीच्या वर्कशॉपमध्ये एसटीच्या जुन्या चॅसीवर नवी बॉडी चढते, तेव्हा चॅसी नंबर बदलला असं कोणी म्हणत नाही. कॅब म्हणजे पत्र्याची खोली. वर्थ व्हॅलीच्या इंजिनाची फ्रेम १९४५चीच आहे.

मी लीड्सला नोकरीला होतो तेव्हा कीथलीला लोकलने अर्धा तासही लागत नसे. पुढची पाच मैलांची ही छोटी लाइन १९६८पासून स्वयंसेवक चालवतात. फेब्रुवारीत एकदा याच लाइनवरच्या हॉवर्थच्या यार्डात हे इंजिन उभं होतं, थंडीने वाफ जमिनीलगत लोळत होती. मी चाकांपाशी उकिडवा बसलो. इंजिनाला चकाकी म्हणून कुठे नाही. या जातीचे आराखडाकार रॉबर्ट रिडल्स यांनी आराखडा करताना धरलेलं धोरण तिथे बसल्या बसल्या दिसतं: घडीव आणि ओतीव भागांऐवजी जमेल तिथे पत्रे कापून वेल्डिंग, बॉयलर निमुळता नाही तर सरळ नळकांडं, फायरबॉक्स (कोळसा जळतो ती पेटी) वरून गोल, कारण ते बनवायला सोपं. यांच्या आधी लष्करासाठी एलएमएस या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या ८एफ जातीची इंजिनं बनत होती. त्यांच्या मानाने यात मजुरीचे तास वाचवायचे होते, आयुष्य वाढवायचं नव्हतं. स्वयंसेवकाने रेग्युलेटर (वाफ सोडणारा दांडा) जरासा उघडला आणि इंजिन हललं. कनेक्टिंग रॉडचा 'ठण्... ठण्...' असा आवाज आला, रिकाम्या हंड्यावर पळी आपटावी तसा. या जातीची ती खूणच. लांबूनही लोक म्हणायचे, डब्ल्यूडी आलं. टेंडर आणि इंजिन यांच्यामध्ये पुढेमागे बसणाऱ्या हिसक्यांबद्दल तिथल्या फायरमननी काय काय म्हटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

लढाईचं थोडक्यात. रणगाड्यासारखं मोजायचं तर हे इंजिन नापास, १९४५मध्ये बनलं हे खरंच. पण लष्करी इंजिनाचं काम गोळ्या खाणं नसतं. दोस्त सैन्य फ्रान्समध्ये उतरल्यावर त्याच्या मागोमाग कोळसा, दारूगोळा, धान्य न्यायला इंजिनं लागणार आणि माघार घेणारे जर्मन स्थानिक इंजिनं पळवणार किंवा मोडणार, हे गृहीत धरून ही बनवली गेली. हॉलंडमध्ये तसंच झालं. तिथली रेल्वे युद्धानंतर उभी राहिली त्यात या उसन्या इंजिनांचा मोठा हात होता. एका खटाऱ्याने तीन देशांचा संसार चालवला हे मला गोळीच्या भोकापेक्षा जास्त वाटतं. तुम्हाला नसेल वाटत, तर ठीक.

राहिला 'आपल्याकडची इंजिनं' हा मुद्दा. मान्य आहे, आणि राग नाही. त्याच युद्धाने आपल्याकडेही इंजिनं आणली. एडब्ल्यूडी, सीडब्ल्यूडी ही अक्षरं तुम्ही हजारदा पाहिली असतील. त्यातला पहिला 'ए' म्हणजे अमेरिका, 'सी' म्हणजे कॅनडा आणि 'डब्ल्यू' म्हणजे वॉर. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याने बनवलेलं एडब्ल्यूई जातीचं २२९०७ 'विराट' या नावाने जपलंय. त्यावर लिहायचं आहेच, पण छापील यादीवरून लिहिलं तर पुन्हा तुम्हीच मला पकडाल. तुम्ही लिहिलंय की रॉडवर, क्रॉसहेडवर नंबरांचे ठसे मारलेले असायचे, आणि कधीकधी एकाच इंजिनावर दोन वेगळे ठसे सापडायचे. हे मला सविस्तर हवंय. ठसा कुठे मारायचे, किती अक्षरी, सुटा भाग दुसऱ्या इंजिनाला लावला तर जुना ठसा खोडायचे की तसाच ठेवायचे? आठवेल तसं, तुटक लिहिलंत तरी चालेल. शेडची एखादी जुनी डायरी घरात असेल तर सोन्याहून पिवळं.

फोटोखालची ओळ आजच बदलली. आता ती अशी आहे: "व्हल्कन फाउंड्री ५२००, १९४५. लष्कराचं ७९२५७, डच ४४६४, स्वीडिश १९३१. अंगावरचा ९०७३३ हा नंबर जपणाऱ्यांनी दिलेला, ब्रिटिश रेल्वेने नव्हे. चूक दाखवली भुसावळच्या काकांनी."