फुटबॉलपटू मॅराडोनाच्या 'त्या' बॉलबद्दल फिरणारा मेसेज

"वर्ल्ड कप फायनलमध्ये मॅराडोनाने हाताने गोल मारला तो चामड्याचा बॉल 70 कोटींना विकला गेला, त्याच्या फॅमिलीने विकला" असा एक फॉरवर्ड फिरतोय, त्यात हाताने गोल मारला आणि बॉल विकला गेला एवढंच खरं आहे.

पहिलं म्हणजे ती फायनल नव्हतीच. 22 जून 1986, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड, क्वार्टर फायनल. फायनल आठवड्याने वेस्ट जर्मनीशी झाली आणि तिथे मॅराडोनाने एकही गोल केला नाही, उगाच त्याच्या खात्यावर चढवू नका. आणि अ‍ॅडिडासचा अझ्टेका बॉल पूर्ण सिंथेटिक, वर्ल्ड कपमधला तसला पहिलाच, त्यामुळे चामडं वगैरे विसरा.

बॉल होता त्या मॅचचे रेफ्री, ट्युनिशियाचे अली बिन नासर, यांच्याकडे. म्हणजे ज्यांना हात दिसला नाही त्यांनीच बॉल इतकी वर्षं जपला, याला काय म्हणावं! त्यांनी तो नोव्हेंबर 2022 मध्ये लंडनच्या लिलावात विकला, साधारण 20 लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाचे 19 कोटी रुपये धरा. 70 कोटींच्या आसपासचा आकडा बहुतेक मॅराडोनाच्या त्या मॅचमधल्या जर्सीचा उचललाय, ती त्याच वर्षी मे महिन्यात 71 लाख पौंडांना गेली आणि तीही फॅमिलीने नाही तर इंग्लंडचा खेळाडू स्टीव्ह हॉजने विकली, मॅचनंतर त्याने मॅराडोनाशी अदलाबदल केली होती.

आणि फॉरवर्डवाला खरी गंमतच विसरला, पूर्ण मॅच त्या एकाच बॉलने झाली, म्हणजे हाताच्या गोलनंतर चार मिनिटांनी अर्ध्या इंग्लंड टीमला चकवून मारलेला दुसरा गोलसुद्धा याच बॉलचा.