खुलासा : पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे मासा घातक नव्हे

‘पुण्याच्या बाजारातल्या रोहू-कटल्याच्या कल्ल्यांत पीसीआरने परजीवी सापडले, खाल्ल्यास लागण होते’ असा मेसेज फिरतोय. हा निष्कर्ष चुकीचा आहे. कृपया तो पुढे पाठवू नका.

पीसीआर ही प्रयोगशाळेतली तपासणी परजीवीचा डीएनए (जनुकीय द्रव्य) दाखवते. परजीवी जिवंत की मेलेला, मासा आजारी की धडधाकट, हे त्यातून कळत नाही. परजीवीशी लढणारी माशाची प्रतिकारजनुके सक्रिय झाली का, हे पाहायला आरएनए (जनुक सक्रिय झाल्यावर बनणारा रेणू) लागतो. तो मासा मेल्यावर लवकर नासतो. म्हणून कल्ल्याचा तुकडा लगेच टिकवण्याच्या द्रावणात किंवा उणे 80 अंशांत ठेवतात. बर्फावरच्या बाजारी माशावरून प्रतिकारजनुकांबद्दल काढलेला निष्कर्ष भरवशाचा नाही.

कल्ल्यांवर राहणारा डॅक्टिलोगायरस हा सूक्ष्म परजीवी कृमी माणसाला लागत नाही. (कल्ले आपण फेकतोच म्हणा.) कच्च्या माशातून काही वेगळे परजीवी लागतात, हे खरे, मासा आतपर्यंत 63 अंशांना शिजवला की तेही मरतात.