सकर मासा, कलम ६२अ आणि परवाना नेमका कुणाला हवा

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तिच्यातल्या एका कलमाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. कलम ६२अ. बाहेरदेशातून आलेल्या आणि इथल्या जीवसृष्टीला घातक ठरणाऱ्या प्राणी-वनस्पतींची आयात, विक्री, त्या ताब्यात ठेवणं आणि त्यांचा प्रसार, या सगळ्यावर नियम घालण्याचा किंवा सरळ बंदी आणण्याचा अधिकार या कलमाने केंद्र सरकारला दिला. जप्ती करून ते नष्ट करण्याचे अधिकारही अधिकाऱ्यांना देता येतात. मी या कलमाचं मनापासून स्वागत करते. असं काहीतरी खूप आधी यायला हवं होतं. पण आमच्या भीमाकाठी जे चाललंय ते बघता याचा पहिला फटका चुकीच्या माणसाला बसेल अशी भीती वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उजनी धरणाच्या फुगवट्यात आता जाळं ओढलं की सकर मासा येतोच. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. घरातल्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून विकला जातो. विकत घेताना बोटाएवढा असतो, मग वाढत वाढत हातभर होतो, टाकीत मावत नाही आणि मारवत नाही म्हणून लोक त्याला नदीत किंवा तळ्यात सोडून येतात. तिथे त्याला खाणारं कुणी नाही. अंगावर हाडांचं चिलखत, पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे पर काट्यासारखे ताठ. काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो आणि काठ ढासळत जातो.

भिगवणला एका काकांचं काम बघत थांबले होते. त्यांच्या जाळ्यात सकर अडकला होता. ते मासा ओढत नव्हते, ब्लेडने जाळ्याचे आस, म्हणजे विणीतल्या चौकटी, कापत होते. ओढला तर काटे आणखी रुततात आणि हातभर जाळं फाटतं, कापलं तर निदान चार-सहा आसांवर भागतं. मासा मोकळा करून त्यांनी काठावर फेकला. बाकीचं जाळं आवरून होईपर्यंत बराच वेळ गेला, तरी त्याचं तोंड हलतच होतं. मी विचारलं, हा कुणी घेत नाही का? "कोण घेणार ताई? निम्मं अंग तर कवचच. आणि जाळ्याचं पैसं कोण देणार?"

या काकांना धरणात जाळं टाकायचं तर परवाना लागतो. कुठली जाळी वापरायची, किती लहान मासा धरायचा नाही, यालाही नियम आहेत आणि ते असलेच पाहिजेत. पण ज्या दुकानातून तो बोटाएवढा सकर बाहेर पडला, तिथे "हा उद्या पाण्यात सुटला तर काय" हे विकणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि घेणाऱ्यालाही कुणी सांगत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर आहे. परदेशी जातीतून ज्याला पैसा मिळतो, परवान्याची अट आणि निस्तरण्याचा खर्च त्याच्याकडे जायला हवा. आज तो खर्च काकांच्या जाळ्यातून वसूल होतोय.

आता कलमातला 'ताबा' हा भाग बघा. उद्या या कलमाखाली घातक जातींची यादी निघाली आणि सकर तीत आला, तर काकांच्या होडीतला सकर हा काकांचा ताबा ठरू शकतो. चिलापीचं, म्हणजे तिलापिया माशाचं, तर विचारूच नका. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. सात वर्षांत शहाणपण सुचलं आणि १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर मासा पाण्यात गेला होता. आज उजनीकाठच्या कितीतरी घरांची चूल चिलापीवर पेटते. स्थानिक मासे कमी होण्यात त्याचा वाटा आहे हे मान्यच करायला हवं. पण ज्याने तो आणला नाही, सोडला नाही, त्याला आरोपी करून एकही मासा कमी होणार नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमावलीत याचा विचार दिसतो. जी जात सगळीकडे पसरली आहे तिच्यासाठी नियंत्रणाची वेगळी व्यवस्था आहे, आणि त्या नियंत्रणाचाच भाग म्हणून काही काळापुरता व्यापारी वापर चालू ठेवायलाही कडक अटींवर मुभा आहे. आपल्याकडे ६२अ खाली नियम करताना मच्छीमारांसाठी अशी स्पष्ट तरतूद हवी, आणि ती आधीच लिहिलेली हवी. गुन्हे दाखल झाल्यावर खुलासे काढून उपयोग नाही.

नुसत्या बंदीचं काय होतं हे बघायला लांब जायला नको. परदेशी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो खरा आफ्रिकेतला. त्याच्या पैदाशीवर बंदी येऊन दोन दशकांहून जास्त काळ लोटला. राष्ट्रीय हरित लवादानेही साठे नष्ट करायचे आदेश दिले. आमच्याच भागात मत्स्यव्यवसाय विभागाने तळी उपसून मासे पुरले आहेत. तरी हा मासा संपत नाही. कारण सरळ आहे. तो हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे घाण, कमी प्राणवायूच्या पाण्यातही जगतो, कोंबड्यांची आतडी आणि कत्तलखान्यातला टाकाऊ माल खाऊन झपाट्याने वाढतो. खर्च जवळजवळ नाही आणि गिऱ्हाईक आहे. पावसाळ्यात तळं फुटलं की तो ओढ्याने नदीत जातो आणि समोर येईल ते खातो. कारवाई तळ्यावर होते, पण बीज येतं ते दुसरीकडून, ट्रकने. ते बीज कुठल्या उबवणीकेंद्रातून निघालं याचा माग काढणारी नोंदच नसेल, तर दर वर्षी तेच खड्डे खणायचे आणि तेच मासे पुरायचे.

हे दुखणं जुनं आहे. १९३६ साली बंगालमध्ये जलपर्णीचा स्वतंत्र कायदा झाला. ज्याच्या जागेत जलपर्णी, त्याने ती काढायची. दुसऱ्याच वर्षीच्या निवडणुकीत तर राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णी हटवण्याचं वचन होतं, इतकी ती लोकांच्या जिवावर आली होती. गाजर गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदलं गेलं, आणि १९७५ साली कर्नाटकाने त्याला कायद्याने उपद्रवी तण जाहीर करून उपटायची जबाबदारी जमीनधारकावर टाकली. पन्नास वर्षांनी गाजर गवत कुठे नाही ते सांगा. शेतकऱ्याने आपला बांध साफ केला तरी शेजारच्या रस्त्याकडेचं, रेल्वेलगतचं, सरकारी पडीक जमिनीवरचं बी वाऱ्याने परत येतं. जलपर्णीचं तर आणखी वाईट. शहरांचं सांडपाणी तिचं खत आहे. ते वरून येत राहणार आणि खालच्या गावाने काढत राहायचं.

मग परवाना पद्धत चालते कुठे? चालते, आणि आपल्याच देशात चालली आहे. व्हन्नामेई कोळंबी ही पॅसिफिक किनाऱ्यावरची, अमेरिका खंडातली. २००९ पासून भारतात तिच्या शेतीला परवानगी मिळाली, पण अटींवर. मान्यताप्राप्त परदेशी पुरवठादारांकडचीच रोगमुक्त जनक कोळंबी आणायची, ती आधी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात ठेवायची, उबवणीकेंद्र आणि शेततळं दोन्हींना तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी, कुंपण, सोडायच्या पाण्यावर प्रक्रिया. सगळीकडे हे नियम पाळले जातात असं मी म्हणणार नाही, विनानोंदणीची तळी आहेतच. पण निदान कुणाला जाब विचारायचा ते माहीत आहे.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात मुद्दाम परदेशी जीव आणला गेला. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइंबतूर भागात दिसला आणि २०१० पर्यंत पुण्याच्या पपईच्या बागांपर्यंत पोचला. पांढऱ्या मेणकट थराखाली झाडंच्या झाडं वाळायची. औषधं मारून मारून शेतकरी थकले. तेव्हा बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संशोधन संस्थेने रीतसर आयात परवाना घेऊन प्युर्तो रिकोहून या ढेकणाचे परोपजीवी कीटक आणले. आधी विलगीकरणात ठेवून ते रेशीमकिड्यासारख्या आपल्या उपयोगाच्या किड्यांना त्रास देत नाहीत ना याची खात्री केली आणि मगच सोडले. त्यातल्या एका इवल्याशा गांधीलमाशीच्या जातीने काम फत्ते केलं. परवाना म्हणजे अडवणूक असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण नीट वाचावं. तपासणी होती म्हणूनच ते कीटक बिनधास्त सोडता आले.

यादी करतानाही फार सावध राहायला लागेल. लाल कानाच्या कासवाची आयात युरोपने १९९७ साली थांबवली, तर व्यापाऱ्यांनी त्याचीच पिवळ्या पोटाची बहीण विकायला काढली. शेवटी २०१६ साली सगळी जातच यादीत टाकावी लागली. सकरच्याही अनेक जाती आहेत आणि त्यांच्यात आपसात संकर होतो. दुकानदाराला सोडा, तज्ज्ञांनाही त्या ओळखताना घाम फुटतो. एकेक जात यादीत टाकत बसलो तर कायदा कायम एक पाऊल मागे राहील. शोभेच्या माशांसाठी उलटी यादी हवी: तपासून सुरक्षित ठरलेले एवढे मासे विका, बाकीच्यांसाठी आधी अर्ज करा.

कायद्याच्या व्याख्येतही एक मोठी फट आहे. "भारतातली नाही" अशीच जात घातक परकी मानली आहे. म्हणजे अंदमानात ब्रिटिशांनी नेऊन सोडलेलं चितळ, जे तिथल्या जंगलात नवी रोपं वाढू देत नाही, ते या व्याख्येत बसत नाही. ते भारतीय आहे, वर वन्यजीव म्हणून त्याला संरक्षणही आहे. रोहू गंगेच्या खोऱ्यातला, पण आपण तो दख्खनच्या धरणांत वर्षानुवर्षं सरकारी योजनेतून सोडतोय. रोहूवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण नदीला राज्याची किंवा देशाची हद्द कळत नाही, खोरं कळतं, आणि व्याख्या खोऱ्यावर बेतायला हवी.

एक सूचना हल्ली प्रत्येक बैठकीत येते: सकरचं खत करा, खाद्य करा, जलपर्णीच्या टोपल्या करा, रोजगारही मिळेल. कल्पना चांगल्या मनाने येते, तरी मला तिची धास्ती वाटते. इंग्लंडमध्ये अमेरिकन क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला छोट्या शेवंडीसारखा जीव, १९७० च्या दशकात शेतीसाठी आणला, तो निसटला आणि त्याने नेलेल्या रोगाने तिथला मूळ क्रेफिश मरू लागला. आज तो उपद्रवी आहे हे सगळ्यांना मान्य आहे, तरी तो पकडायलाही सापळ्याची परवानगी घ्यावी लागते. एक तर सापळ्यात मूळ क्रेफिशही सापडतो, दुसरं म्हणजे एकदा बाजारभाव मिळाला की लोक तो नव्या पाण्यात नेऊन सोडतात. मांगूरचंही हेच झालं. सकरचं खत करायला परवाना द्याच, पण तो धरणापुरता, ठरावीक मुदतीचा आणि फक्त मेलेल्या माशाचा. जिवंत सकरची वाहतूक एक किलोमीटरही नको.

२०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाच्या अहवालात म्हटलंय की घातक परक्या जातींसाठी खास कायदे किंवा नियम फक्त १७ टक्के देशांत आहेत. आपल्याकडे आता निदान कलम आहे. त्याखालचे नियम कसे असावेत हे मंत्रालयाला कळवायचं काम आपलं, आणि त्यासाठी हातात नोंदी हव्यात. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच गावांत ती वही एकदा भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढून परक्या जातींचं एक पान त्यात सुरू करता येईल.

माझी विनंती एवढीच. उजनी, वीर, जायकवाडी, कोयना, गावतळं, शेततळं, कुठेही तुमच्या जाळ्यात सकर किंवा परदेशी मांगूर आला असेल, तर गाव, पाण्याचं नाव आणि साधारण कुठल्या वर्षापासून दिसतोय ते खाली कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर टाका, जाळ्याचं किती नुकसान झालं तेही लिहा. मच्छीमार संस्थांमधल्या मंडळींनी ही पोस्ट आपल्या ग्रुपवर टाकली तर फार बरं होईल. आलेल्या नोंदी तालुक्याप्रमाणे लावून मी मत्स्यव्यवसाय विभागाला आणि राज्य जैवविविधता मंडळाला पाठवणार आहे, आणि पाठवलेलं पत्र इथेच टाकेन.