कॅरमेल कॉफीचा तो कॅन आणि माझी उडालेली झोप

लेकीला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी हॉस्टेलवर सोडून एकटीच न्यू जर्सीत एडिसनला परत येत होते. दिवसभर खोकी उचलून अंग आंबलं होतं, त्यात निघताना थोडं रडूनही झालं होतं. इंटरस्टेट 80 वर ब्लूम्सबर्गच्या आसपास डोळे मिटायला लागले तशी गाडी गॅस स्टेशनला घेतली. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. कॉफीच्या मशीनला भलीमोठी रांग, म्हणून फ्रीजमधून कॅरमेल फ्लेवरचा कॉफी एनर्जी ड्रिंकचा कॅन उचलला. मुलांच्या हातात नेहमी दिसतो, मी आजवर कधी घेतला नव्हता.

चव आवडली, अगदी मनापासून. कॅन उघडल्या उघडल्या कॅरमेल कस्टर्डच्या तळाशी साखर करपते ना, तो वास आला. आधी दाट गार दूध, मग कॅरमेल, आणि कॉफी अगदी शेवटी, ओळख दाखवण्यापुरती. घोट गिळल्यावर मात्र कृत्रिम गोडवा जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ चिकटून राहतो. दहा मिनिटांत कॅन रिकामा झाला.

मग मी त्याच्या मागचं वाचलं. 15 औंस, म्हणजे साधारण 443 मिली. कॅफिन 200 मिलिग्रॅम. साखर 27 ग्रॅम, म्हणजे साडेसहा चमचे, शिवाय वर सुक्रॅलोज हा कृत्रिम गोडवा. घरी केलेल्या कपभर फिल्टर कॉफीत साधारण 95 मिलिग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे मी दहा मिनिटांत दोन कप कॉफी प्यायले होते आणि जिभेला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

मला खटकतं ते हेच. कॉफीला स्वतःचा लगाम असतो. ती गरम असते, फुंकून प्यावी लागते. कडू असते, दुसऱ्या कपाला जीभच नको म्हणते. आमच्या आईची जायफळाची कॉफी दुधाळ आणि गोड असायची, पण कप एवढासा आणि वाफाळता, तो संपवायला पंधरा मिनिटं लागायची. या कॅनमध्ये कडूपणाही नाही आणि गरमपणाही नाही. थांब म्हणणारं काही उरतच नाही.

झोप उडाली, हे खरं. न्यू जर्सीच्या सीमेवरच्या डेलावेअर वॉटर गॅपपर्यंत टक्क जागी होते, पण स्टिअरिंगवर बोटं थरथरत होती. कॅफिनने थकवा जात नाही. शरीराची ‘आता झोप’ ही हाक पोचवणारं ॲडेनोसिन असतं, त्याची जागा कॅफिन अडवून बसतं, एवढंच. आणि साधारण पाच तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. रात्री साडेअकराला मी अंथरुणावर पडले तेव्हा एका पूर्ण कपाएवढं कॅफिन माझ्यात शिल्लक होतं. तीनपर्यंत छताकडे बघत होते. त्यापेक्षा रेस्ट एरियात वीस मिनिटं डोळे मिटून पडायला हवं होतं.

मी पंचेचाळिशीची, धडधाकट बाई. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं इथलं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, सांगतं. पण माझा मुलगा अकरावीत आहे आणि पोहण्याच्या सरावाआधी त्याची सगळी टोळी हेच पिते. मुलांनी एनर्जी ड्रिंक घेऊच नये, असं इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्येच सांगून ठेवलंय. पोलंडने 1 जानेवारी 2024 पासून अठराच्या आतल्यांना ही पेयं विकायला बंदी केली. भारतात कॅफिनयुक्त पेयांना लिटरला 300 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्या हिशेबाने माझा कॅन दीडपट भरतो. इथे मात्र चौदा वर्षांचं पोरही तो सरळ काउंटरवर ठेवून पैसे देऊन जातं.

हे कॅन दुकानांतून हटवा असं मी म्हणत नाही. रात्रपाळीच्या नर्स, ट्रकवाले यांना त्यांची गरज कळते. पण कॅफिनचा 200 हा आकडा कॅनवरच्या कॅरमेलच्या सोनेरी धारेएवढ्याच मोठ्या अक्षरात पुढच्या बाजूला छापा, आणि मुलांना विकू नका.

पुढच्या पालकसभेत मी हा विषय काढणार आहे. एडिसन, पिस्कॅटवेकडचं कुणी बरोबर बोलायला तयार असेल तर कळवा, आधी भेटून ठरवू.