आरसा नवा, मग दुर्बीण जुनी कशी? – काकांच्या कमेंटला उत्तर

काका नमस्कार, कमेंट सकाळीच वाचली पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. तुमचं म्हणणं असं की आयर्लंडमधल्या बर कॅसलच्या दुर्बिणीला 1999 मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा नवा आरसा बसवला, लाकडी गॅलऱ्याही नव्या, मग हा जीर्णोद्धार नाही, नुसता देखावा आहे, आणि मी वाचकांची दिशाभूल केली.

एक चूक आधी मान्य करतो, मी आधीच्या लेखात ही दुर्बीण "जशीच्या तशी" उभी केली असं लिहिलं होतं ते बरोबर नव्हतं, तो शब्द काढतोय. पण देखावा म्हणालात ते नाही पटलं.

ही दुर्बीण बांधणाऱ्या लॉर्ड रॉसचा तो 72 इंची आरसा काचेचा नव्हताच हो, तांबं आणि कथील यांचा होता. आपल्या काशाच्या वाटीतलेच दोन धातू, फक्त कथील बरंच जास्त, साधारण एक तृतीयांश, म्हणून पांढराशुभ्र चकाकतो पण काचेसारखा ठिसूळ. वजन तीन टन. 1842 मध्ये ओतला आणि तडकू नये म्हणून भट्टीत कितीतरी आठवडे हळूहळू थंड होऊ दिला. एवढं करून आयर्लंडच्या दमट हवेत तो काळवंडायचाच. कल्हई उडालेलं पातेलं आपण परत कल्हईला देतो तसं त्याला परत पॉलिश करावं लागायचं, आणि धातूच्या आरशाला पॉलिश म्हणजे नुसतं पुसणं नाही, त्याचा वक्र नव्याने घडवावा लागतो. म्हणून रॉसनी दोन आरसे केले होते, एक नळीत असताना दुसरा पॉलिशला. 1845 मध्ये ज्या पृष्ठभागावर एम 51 या दीर्घिकेचा सर्पिल आकार पहिल्यांदा दिसला तो पृष्ठभाग त्यांच्याच हयातीत घासून गेला असणार. म्हणजे आरसा बदलणं हा त्या यंत्राच्या रोजच्या वापराचाच भाग होता!

बाकी त्या दोन प्रचंड दगडी भिंती जुन्याच आहेत, आणि त्यांच्यामुळेच नळी आजूबाजूला फार वळत नाही, तारा मध्यान्हवृत्ताजवळ, म्हणजे डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेषेजवळ आला की तेवढाच तासभर हाती. हे भिंतींमध्ये उभं राहिल्यावरच कळतं, म्युझियमच्या कपाटातल्या आरशावरून नाही. मूळ आराखडे नव्हते, तर लॉर्ड रॉस यांच्या पत्नी लेडी मेरी रॉस यांनी काढलेले जुने फोटो बघून इंजिनियरनी मापं बसवली. याला देखावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जीर्णोद्धाराच्या पैशाबद्दल म्हणाल तर तेवढ्यात मोठी आधुनिक दुर्बीण आली असती हे खरं, पण ती आयर्लंडच्या ढगांखाली कशाला कोण लावेल.

आणि आपल्या उज्जैनच्या वेधशाळेचं काय? जयपूरच्या सवाई जयसिंहांची यंत्रं पडीक होती, 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त केली. गेल्या थंडीत मुलीला घेऊन गेलो होतो, सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, पश्चिमेच्या कमानीवर सावलीची कड बोटाखालून सरकताना तिने पाहिली, कड जरा धूसर असते म्हणून ती दोनदा बोट ठेवून बघत होती. ती सावली खोटी होती का काका?

पुढच्या रविवारी सकाळी परत जातोय, इंदूरहून सव्वा तासात पोचतो, गाडीत जागा आहे. याल का?