मुलाचं वय उणे पाच, आणि म्हणे गणित सोपं झालं

"शाब्दिक उदाहरणं १० सेकंदात, ५ ट्रिक्स" हे फॉरवर्ड नाशिकच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरत फिरत शेवटी आमच्या ताईकडे आलंच. तिने त्याची प्रिंट काढून भाचीच्या टेबलासमोर चिकटवली म्हणून हे लिहावं लागतंय, नाहीतर असलं काही आलं की मी डिलीट मारून मोकळा होतो.

मेन ट्रिक काय, तर उदाहरण पूर्ण वाचत बसू नका, शब्द पकडा. 'जास्त', 'एकूण' दिसलं की बेरीज, 'कमी', 'पूर्वी' दिसलं की वजाबाकी, 'पट' म्हणजे गुणाकार. झालं!

आता भाचीची वही बघा. वडिलांचं आजचं वय मुलाच्या तिप्पट, ५ वर्षांपूर्वी ते चौपट होतं. पोरीने मुलाचं वय क्ष मानलं, वडिलांचं ३क्ष, इथपर्यंत बरोबर. मग 'पूर्वी' एकदाच आलंय म्हणून ५ पण एकदाच वजा केले, ३क्ष − ५ = ४क्ष. म्हणजे क्ष = −५. मुलाचं वय उणे पाच वर्षं! आणि खाली दोन रेघा मारून 'उत्तर' लिहून टाकलेलं, कारण उत्तर तपासा असं त्या पाच ट्रिक्समध्ये कुठेच नाही. अहो, ५ वर्षांपूर्वी एकटा बापच लहान होता का? मुलाचेही ५ कमी करा, ३क्ष − ५ = ४(क्ष − ५), मुलगा १५, वडील ४५, मागे जाऊन बघा, १० आणि ४०, जमलं.

'जास्त'चं तर विचारूच नका. एकाकडे द्राक्षांचे ४० क्रेट आहेत, ते शेजाऱ्यापेक्षा ८ ने जास्त आहेत, तर शेजाऱ्याकडे किती? ट्रिक सांगते ४८. पिंपळगावच्या मार्केटात कोणालाही विचारा, ३२ सांगेल, कारण तो शब्द पकडत नाही, कोणाकडे जास्त माल आहे ते बघतो.

हे माझंच म्हणणं नाही. हेगार्टी, मेयर आणि मंक या तीन संशोधकांनी १९९५ मध्ये कॉलेजच्या मुलांवर नेमका हाच अभ्यास छापलाय. उदाहरण वाचताना नजर कुठे जाते तेसुद्धा त्यांनी मोजलं. ज्यांची उदाहरणं चुकतात ते परत परत आकडे आणि 'जास्त-कमी'सारखे शब्द बघतात, ज्यांची बरोबर येतात ते कोणाबद्दल चाललंय तिकडे परत जातात आणि आधी डोक्यात प्रसंग उभा करतात. म्हणजे फॉरवर्डवाल्याने चुकणाऱ्या मुलांची सवयच ट्रिक म्हणून वाटलीये.

दुसरी ट्रिक, आकड्यांभोवती गोल करा. करा, त्याने काही बिघडत नाही, काही होतही नाही.

तिसरी, "चित्र, तक्ते लहान मुलांसाठी." का बरं? वरच्याच उदाहरणात 'आज' आणि '५ वर्षांपूर्वी' असे दोन कॉलम, 'वडील' आणि 'मुलगा' अशा दोन ओळी काढल्या असत्या तर मुलाचा दुसरा चौकोन रिकामा दिसला असता आणि तिथेच खटकलं असतं. दोन मिनिटांचं काम.

चौथी, सोडवलेली उदाहरणं दाखवू नका, मुलं आळशी होतात. नुसती उतरवून घेतली तर होतील, मान्य. पण सोडवलेलं उदाहरण समोर ठेवून "इथे कंसात का घेतलं?" असं विचारा की. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१५ च्या बीजगणित मार्गदर्शिकेत पहिली शिफारसच ही आहे, त्यात चुकीचं सोडवलेलं उदाहरण देऊन चूक शोधायला लावा असंही सुचवलंय.

पाचवी, रोज सराव. हे मात्र बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. पण फॉरवर्ड सांगतं एकाच प्रकारची वीस ओळीने, आणि तसं केलं की तिसऱ्यापासून पोरं वाचणंच सोडतात, फक्त आकडे बदलतात. एक वयाचं द्या, मग एक बोट-प्रवाहाचं, मग नोटांचं, आणि समीकरण मांडायच्या आधी उदाहरण स्वतःच्या शब्दात सांगायला लावा. दिवसाला चार झाली तरी पुरे.